९ वर्षांची मुलगी, बीपी १५८/१०४, ईएसआर (रक्तातली दाहाची खूण) ६८: टाकायासु (महाधमनी आणि तिच्या शाखांचा दाह) म्हणायचं का, आणि तपासण्या कोणत्या क्रमानं?

बालरोग_तालुका

मुलगी ९ वर्षांची, वजन २२ किलो, उंची १२४ सेंमी. दोन महिने डोकं दुखतंय, सकाळी जास्त. अधूनमधून कणकण, वजन दोनेक किलोनं उतरलंय. आधी चष्मा लागला असेल म्हणून डोळे तपासले, नंबर निघाला नाही. उजव्या हातावर बीपी तीन वेगवेगळ्या दिवशी १५० च्या वर, शेवटचं १५८/१०४. झटका नाही, अंगावर सूज नाही. लघवीत प्रोटीन अगदी नाममात्र, रक्तपेशी नाहीत. हिमोग्लोबिन ९.१, ईएसआर ६८, क्रिएटिनीन ०.५. सोनोग्राफीत उजवी किडनी ८.८ सेंमी, डावी ७.१. रीनल डॉपलरचा रिपोर्ट असा: 'आतड्यातल्या गॅसमुळे धमन्यांची मुळं नीट दिसली नाहीत, ठळक अडथळा नाही.' इकोत डाव्या वेंट्रिकलची भिंत जाड, पंपिंग चांगलं, महाधमनीच्या कमानीपाशी कोआर्क्टेशन (जन्मजात आवळलेपणा) नाही. मॅन्टू (टीबीची त्वचा-चाचणी) १६ मिमी, छातीचा एक्स-रे स्वच्छ. टीबीची चार औषधं सुरू करून दोन महिन्यांनी बघा, असा एक सल्ला मिळालाय.

प्रश्न तीन. एवढ्यावर टाकायासु म्हणता येईल का? पुढे सीटी करायचा की एमआर? आणि तोवर बीपीला एनालाप्रिल दिलं तर चालेल का?

चारही_नाड्या

एनालाप्रिल आजच्या आज नको. का ते किडनीवाले सांगतीलच.

तुमच्या माहितीत सगळ्यात मोठी उणीव स्कॅनची नाही. बीपी फक्त उजव्या हातावर मोजलंय. डावा हात आणि दोन्ही मांड्यांचे आकडे कुठे आहेत? फिमोरल (जांघेतली) नाडी लागते का? मोठ्या धमन्यांचा दाह मुलांत निसटतो तो इथेच, आणि त्याला कुठलंही मशीन लागत नाही.

मोजायची पद्धत लिहितो, कारण घाईत मोजलेले चार आकडे न मोजल्यापेक्षा वाईट. मुलीला पाच मिनिटं शांत पडू द्या. चारही मोजमापं आडवं झोपवूनच घ्या, हात बसून आणि पाय झोपून असं करू नका. कफच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के हवी आणि लांबी ८० ते १०० टक्के. दंडाचा घेर १८ सेंमी असेल तर रुंदी ७.२ आणि लांबी साडेचौदा ते अठरा. मांडीला मोठा कफ लागतो, बऱ्याचदा प्रौढांच्या हाताचा कफ बसतो. तिला पालथी झोपवून स्टेथो गुडघ्यामागच्या खळगीत ठेवा. कफ बसतच नसेल तर पोटरीवर घोट्याच्या वर बांधा आणि आतल्या घोट्यामागे डॉपलर पेन धरून फक्त वरचा आकडा घ्या.

क्रम असा ठेवा: उजवा हात, डावा हात, उजवी मांडी, डावी मांडी आणि शेवटी पुन्हा उजवा हात. हा शेवटचा आकडा पहिल्यापेक्षा १५ नं खाली आला असेल तर मूल मधल्या वेळात निवांत झालं, हातापायांत दिसलेला फरक त्यातूनच आलाय. सगळं परत मोजा.

मांडीवरचं सिस्टोलिक हातापेक्षा १० ते २० नं जास्त असायला हवं. कमी निघालं तर महाधमनी वाटेत कुठेतरी अरुंद आहे. दोन हातांत १० पेक्षा जास्त फरक असेल तर कमी आकड्याच्या बाजूची सबक्लेव्हियन (हाताकडे जाणारी धमनी) संशयित. आणि एक उलटा सापळा: दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असल्या तर हातावरचं बीपी छान १००/६० दिसतं, पण इकोत वेंट्रिकल जाड आणि फंडसमध्ये (डोळ्याच्या पडद्यावर) बदल. अशा वेळी मांडीचा आकडा खरा. ऑटोमॅटिक मशीन अरुंद हातावर 'एरर' दाखवतं आणि आपण बॅटरी बदलत बसतो.

स्टेथो लावायच्या जागा: मानेच्या दोन्ही बाजू, क्लॅव्हिकलच्या वर, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये, बेंबीच्या वर दोन बोटं मध्यरेषेत आणि तिथून दोन्ही बाजूंना, पाठीमागे कुशीत. पोटावर स्टेथो दाबू नका, दाबलं की ब्रुई (अरुंद धमनीतून येणारा सूं-सूं आवाज) आपणच तयार करतो. बारीक अंगाच्या मुलांत हलका सिस्टोलिक आवाज निरोगी असतानाही येतो. डायस्टोलपर्यंत लांबणारा आवाज आला तर तो सोडायचा नाही.

इतिहासात 'हातपाय दुखतात का' असं विचारलं की उत्तर हमखास 'हो' येतं. त्यापेक्षा विचारा की फळ्यावर लिहिताना हात मध्येच खाली घ्यावा लागतो का, दोरीच्या उड्या मारताना पाय आधी थकतात की श्वास.

निकषांचं म्हणाल तर मुलांसाठी अंकारा २००८ चे निकष वापरतात. त्यात अँजिओग्राफीत, म्हणजे सीटी, एमआर किंवा थेट कॅथेटरनं, महाधमनी, तिच्या मुख्य शाखा किंवा फुप्फुसाच्या धमनीत बदल दिसणं सक्तीचं आहे. शिवाय पाचपैकी एक: नाडी कमी लागणं किंवा चालताना-काम करताना हातपाय दुखणं, चार हातापायांच्या सिस्टोलिकमध्ये १० पेक्षा जास्त फरक, ब्रुई, ९५ व्या पर्सेंटाइलवर बीपी, ईएसआर २० च्या वर किंवा सीआरपी (दाहाची दुसरी रक्तचाचणी) वाढलेला. तुमच्याकडे पाचातले दोन आत्ताच आहेत, सक्तीचं एक नाही. म्हणून आज 'दाट संशय' एवढंच लिहा.

ईएसआर ६८ मधला थोडा वाटा हिमोग्लोबिन ९.१ चाही असतो. सीआरपी सोबत पाठवा. आणि आजार जोरात असताना ईएसआर नॉर्मल असणारी मुलं आहेतच, तेव्हा पुढे कधी तो १५ आला म्हणून फाइल बंद करू नका.

फिल्मवाला

डॉपलरच्या त्या रिपोर्टवर काहीही ठरवू नका. 'नीट दिसलं नाही' आणि 'अडथळा नाही' ही दोन वाक्यं एका रिपोर्टात नांदू शकत नाहीत. किडनीच्या लांबीचा अंदाजी हिशेब एक वर्षावरच्या मुलांत ६.७९ अधिक ०.२२ गुणिले वय, म्हणजे हिला ८.८ हवी. उजवी बरोबर आहे, डावी पावणेदोन सेंमीनं लहान. ही किडनी उपाशी राहतेय असं धरूनच पुढे जायचं.

डॉपलर परत करायचंच तर सहा तास उपाशीपोटी, सकाळी पहिला नंबर. करणाऱ्याला आधी पोटातली महाधमनी डायफ्रामपासून बघायला सांगा. रीनल धमनीतला वेग महाधमनीच्या वेगाच्या साडेतीन पटीवर गेला की अडथळा, हे गणित महाधमनी स्वतः निरोगी असेल तरच लागू पडतं. ती किडनीच्या वर अरुंद असेल तर दोन्ही किडन्यांत लाटा हळू चढणाऱ्या आणि बुटक्या दिसतात. दोन्ही बाजू सारख्या म्हणून माणूस 'नॉर्मल' लिहून मोकळा होतो. हा घोळ नेहमीचा आहे.

त्याच बैठकीत मानेचं डॉपलर करून घ्या. पाच मिनिटांचं काम, किरणोत्सर्ग शून्य. कॉमन कॅरॉटिडची (मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या धमनीची) भिंत गोलाकार, सगळीकडून सारखी जाड दिसली, आडव्या छेदात मॅकरोनीसारखी, तर निम्मं निदान तिथेच झालं.

आता सीटी की एमआर. नऊ वर्षांची मुलगी समजावून सांगितलं तर चाळीस मिनिटं पडून राहते, त्यामुळे माझं मत एमआर. भिंतीची जाडी आणि काँट्रास्टनंतर भिंत उजळते का हे त्यात दिसतं, आणि पुढची कित्येक वर्षं हिचे स्कॅन होणार आहेत हे विसरू नका. काँट्रास्टची चिंता नको: ०.४१३ गुणिले १२४ भागिले ०.५, जीएफआर (किडनीचा गाळण्याचा वेग) १०० च्या घरात येतो. एमआरची एक खोड मात्र आहे, अरुंदपणा असतो त्यापेक्षा जास्त दाखवतो, आणि किडनीच्या आतल्या बारीक फांद्या त्याला दिसत नाहीत.

एमआरची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळत असेल तर सीटी करा, वाट बघू नका. ८० केव्हीवर, आर्टेरियल फेज एकच. काँट्रास्ट किलोला दीड ते दोन मिली, म्हणजे हिला ३५ ते ४५ मिली. सुई उजव्या हातात. डाव्या हातातून सोडलं की छातीतली आडवी शीर काँट्रास्टनं पांढरीफटक होते आणि तिच्या रेघोट्या नेमक्या कमानीच्या शाखांच्या मुळांवर पडतात.

चिठ्ठीवर 'रीनल अँजिओ' लिहू नका. 'कवटीच्या तळापासून मांडीच्या सांध्यापर्यंत, महाधमनी आणि सर्व शाखा, भिंतीची जाडी आणि फुप्फुसाच्या धमनीसह' असं लिहा. रीनल लिहिलं की रीनलच बघितलं जातं, आणि सबक्लेव्हियन कुणी उघडूनही पाहत नाही.

मूत्रपिंड_कट्टा

एनालाप्रिलचं. डावी किडनी लहान आहे, उजवीची धमनी कशी आहे हे कुणाला माहीत? दोन्ही अरुंद असतील तर किडनीतलं गाळण अँजिओटेन्सिनच्या जोरावर टिकून असतं. एनालाप्रिलसारखं एसीई इनहिबिटर तोच आधार काढून घेतं आणि आठवड्यात क्रिएटिनीन दुप्पट. स्कॅन हातात येईपर्यंत अॅम्लोडिपिन २.५ मिग्रॅ रोज एकदा, गरज पडली तर ५. पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो, दुसऱ्याच दिवशी डोस वाढवू नका. स्कॅनमध्ये एकच बाजू निघाली तर एसीई उत्तम औषध आहे. पण सुरू केल्यावर ५ ते ७ दिवसांत क्रिएटिनीन आणि पोटॅशियम बघा, क्रिएटिनीन ३० टक्क्यांहून जास्त चढलं की थांबवा.

आजच पोटॅशियम पाठवा. ३.५ च्या खाली असेल तर रेनिन (किडनीतलं बीपी चढवणारं संप्रेरक) खवळलेलं आहे असं समजा.

झटका आला, दृष्टी धुरकट झाली किंवा धाप लागली तर ती इमर्जन्सी. लॅबेटालॉल शिरेतून, तासाला किलोला ०.२५ मिग्रॅपासून चढवत. दमा असेल किंवा हार्ट फेल्युअर असेल तर लॅबेटालॉल नाही. पहिल्या आठ तासांत ठरवलेल्या एकूण उतारापैकी पाव भागच उतरवायचा. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची पद्धत अजून कुठेकुठे चालते. कॅरॉटिड अरुंद असलेल्या मुलाचं बीपी असं धाडकन पाडलं तर मेंदूचा पुरवठाच तुटतो.

आणखी एक, धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. मूल हार्ट फेल्युअरमध्ये येतं, इकोत हृदय मोठं आणि ढिलं, निदान 'डायलेटेड कार्डिओमायोपॅथी'. पंप दमलेला असल्यामुळे बीपी वर दिसत नाही, नाड्या सगळ्याच मंद, म्हणून फिमोरलकडे लक्ष जात नाही. इकोच्याच प्रोबनं पोटातली महाधमनी बघायला अर्धं मिनिट लागतं. कार्डिओमायोपॅथीचं लेबल त्याआधी लावू नये. कारण अरुंद महाधमनी असेल तर तो अडथळा सुटल्यावर हृदय बऱ्यापैकी पूर्ववत होऊ शकतं.

क्षय_नोंद

मॅन्टू १६ मिमी म्हणजे जंतूंचा संसर्ग कधीतरी झालाय. आजार आहे असा त्याचा अर्थ नाही. टाकायासुच्या भारतीय मुलांत मॅन्टू पॉझिटिव्ह वारंवार सापडतं. म्हणून टीबीमुळेच हा आजार होतो असं कोणी सिद्ध केलेलं नाही. खोकला, गाठी, एक्स-रेवर सावली, घरात रुग्ण, यातलं काही असेल तर जठरातलं पाणी किंवा बेडका सीबीनॅटला (टीबीच्या जनुकीय चाचणीला) पाठवा. काहीच नसेल तर 'चार औषधं देऊन बघू' हा निर्णय दोन महिने वाया घालवतो, आणि त्या दोन महिन्यांत धमनी बंद होऊ शकते.

वर त्यात रिफाम्पिसिन आहे. ते यकृताला कामाला लावतं. अॅम्लोडिपिनची रक्तातली पातळी घसरते, प्रेडनिसोलोनचा परिणाम निम्म्यावर येऊ शकतो. मग बीपी हटत नाही, ईएसआर उतरत नाही, आणि सगळे म्हणतात आजार हट्टी आहे. खरा टीबी सापडला तर रिफाम्पिसिन द्यावंच लागेल, तेव्हा स्टेरॉइड आणि बीपीच्या औषधांचा हिशेब त्याप्रमाणे वाढवा आणि ते बंद करताना परत उतरवा.

टीबीमुळे महाधमनी खराब होते तेव्हा ती बहुधा एकाच जागी, शेजारच्या गाठीला किंवा मणक्याला लागून, पिशवीसारखी फुगते. लांब, गुळगुळीत, निमुळता अरुंदपणा टाकायासुकडे बोट दाखवतो. आजार नाही असं ठरलं तर स्टेरॉइडसोबत प्रतिबंधक आयसोनियाझिड किलोला १० मिग्रॅ, सहा महिने. आठवड्याला एक असे १२ डोसांचा पर्यायही आहे, पण त्यात रिफापेंटिन असतं आणि त्याचाही वर लिहिलेला उपद्रव होतो.

बालरोग_तालुका

सगळ्यांचे आभार. सांगितलेल्या क्रमानं मोजलं. उजवा हात १५६/१०२, डावा हात १२४/८४, उजवी मांडी ११४, डावी मांडी ११२, शेवटी परत उजवा हात १५२/१००. फिमोरल दोन्हीकडे मंद आणि उशिरानं लागते. बेंबीच्या वर ब्रुई आहे, डायस्टोलपर्यंत लांबतो. पोटॅशियम ३.२, सीआरपी ४२. मानेच्या डॉपलरमध्ये डावी कॉमन कॅरॉटिड गोलाकार जाड, १.६ मिमी. अॅम्लोडिपिन सुरू केलं. एमआर चार दिवसांनी आहे. स्टेरॉइड त्याआधी द्यावं का? की चित्र बिघडेल?

चारही_नाड्या

मॅडम, आता शंकेला फार जागा उरली नाही. डावी सबक्लेव्हियन, डावी कॅरॉटिड आणि पोटातली महाधमनी, बहुतेक डावी रीनलही. डायफ्रामच्या वर आणि खाली दोन्हीकडे आजार दिसतोय, म्हणजे एमआरमध्ये टाकायासुचा पाचवा, सगळीकडे पसरलेला प्रकार निघेल असं वाटतं. तरी त्वचा एकदा उजेडात बघा. अर्ध्या सेंमीहून मोठे कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस, त्यातही महाधमनी आणि रीनल अरुंद होतात. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया बहुधा रीनलच्या मधल्या-पुढच्या भागात असतो. त्यात सीआरपी ४२ येत नाही, आणि कॅरॉटिडची भिंत अशी जाडही होत नाही.

चार दिवस थांबायला हरकत नाही, कारण झटका नाही, पंपिंग चांगलं, क्रिएटिनीन ०.५. स्टेरॉइडनं एमआरमधला अरुंदपणा चार दिवसांत कुठे जात नाही, भिंतीचा उजळपणा थोडा कमी होऊ शकतो. पेट स्कॅन करायचा असता तर मात्र स्टेरॉइडआधीच करावा लागला असता, त्याची धार काही दिवसांतच बोथट होते. दृष्टी गेली, झटका आला, हृदय ढिलं पडलं, तर स्कॅनसाठी एक तासही थांबू नका.

सुरू करताना प्रेडनिसोलोन किलोला १ ते २ मिग्रॅ, हिला २२ ते ४४. स्टेरॉइड स्वतः बीपी चढवतं, म्हणून बीपीवर पकड आल्यावर आणि खालच्या डोसकडून सुरुवात बरी. नुसत्या स्टेरॉइडवर ठेवू नका, डोस उतरवायला लागलं की आजार उसळतो. सोबत मेथोट्रेक्सेट. हिचं शरीराचं क्षेत्रफळ ०.८७ चौरस मीटर, १५ मिग्रॅच्या हिशेबानं १३, म्हणजे १२.५ मिग्रॅ, आठवड्यातून एकदा. चिठ्ठीवर वार लिहा, 'फक्त रविवारी' असं. रोज घेतलं गेलं तर रक्तपेशी कोसळतात आणि तोंड सोलून निघतं. दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिड ५ मिग्रॅ. एवढा पसरलेला आजार असेल तर टॉसिलिझुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब या दाह रोखणाऱ्या जैविक औषधांचा विचार लवकर होतो, त्यासाठी बालसंधिवाततज्ज्ञांकडे आत्ताच पाठवा. टॉसिलिझुमॅब सुरू झालं की सीआरपी शून्यावर येतो, आतला आजार थांबला असो वा नसो. त्यानंतर नाड्या, चार आकडे आणि एमआर यांवरच भिस्त.

पुढच्या भेटींसाठी भारतीय संधिवाततज्ज्ञांनी बनवलेला आयटास २०१० हा आजाराची तीव्रता मोजायचा तक्ता वापरा. त्यात गेल्या तीन महिन्यांत नव्यानं आलेलं किंवा वाढलेलंच मोजतात. जुनी हरवलेली नाडी दर वेळी मोजली तर आजार कायम पेटलेलाच दिसेल.

फिल्मवाला

एमआरमध्ये अरुंदपणा दिसला की लगेच फुगा घालायची घाई होते. दाह चालू असताना अँजिओप्लास्टी केली तर धमनी पुन्हा आवळते. सीआरपी उतरू द्या, अपवाद फक्त औषधांना न जुमानणारं बीपी किंवा खचत चाललेलं हृदय. कॅथेटर घालाल तेव्हा महाधमनीतला खरा दाब मोजून घ्या.

त्वचा_आणि_बरंच

थोडं विषय सोडून, पण शोधत इथे येणाऱ्यांसाठी. ताप, ईएसआर, बीपी सगळं असंच, पण एमआरमध्ये महाधमनी स्वच्छ निघाली तर मध्यम आकाराच्या धमन्यांकडे वळा. पायांवर दुखऱ्या गाठी, जाळीसारखे निळसर डाग, पोटऱ्या पिळवटणं, मुलग्यांत वृषण दुखणं: पॉलिआर्टेरायटिस नोडोसा. तिथे एमआर चकवतो, मिलिमीटरभर फुगवटे दिसायला कॅथेटर अँजिओ लागते. बायोप्सी गाठीची, खोलवर, चरबीच्या थरासकट घ्या. नुसती वरची कातडी काढली तर त्यात धमनीच येत नाही. आणि अगदी लहान वयात स्ट्रोक, भावंडांत तसाच आजार, आईवडील नात्यातले, असं असेल तर एडीए२ एन्झाइमची कमतरता तपासा. २०१४ मध्ये ओळखलेला आजार आहे, उपचार टीएनएफ रोखणारं औषध.

मूत्रपिंड_कट्टा

मॅडम, एक शेवटचं. हिच्या ओपीडी कार्डावर, घरच्या वहीत आणि शाळेच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा: 'बीपी फक्त उजव्या हातावर मोजावं.' नाहीतर पुढच्या कुठल्यातरी दवाखान्यात डाव्या हातावर मोजून १२४ बघतील आणि गोळी कमी करतील. भूल द्यायची वेळ आली तर तेच भूलतज्ज्ञांनाही सांगा. दर भेटीला मात्र चारही हातापायांचे आकडे घ्या, कारण उद्या उजवी सबक्लेव्हियन आवळली तर कार्डावरची ही सूचनाच चुकीची ठरेल.